शालेय मानसशास्त्रज्ञाची घडण : पदव्युत्तर अभ्यासक्रम आणि पर्यवेक्षित अनुभव यांची चिकित्सा

प्रस्तावना

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात दिलेल्या निर्णयात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने बाल व किशोरवयीन मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक अर्हताप्राप्त समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा अथवा त्याची सेवा घ्यावी, असे त्यांत म्हटले आहे. त्याहून लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी औपचारिक संबंध जोडावयाचे आहेत. निर्णयामागील कळकळ निर्विवाद आहे. तथापि 'अर्हताप्राप्त' कोणास म्हणावे, हा प्रश्न त्यातून उभा राहतो आणि त्याचे उत्तर अखेर विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना व महाविद्यालयांतील मानसशास्त्र विभागांना द्यावे लागणार आहे.

कायद्याने मागणी निर्माण करावी आणि प्रशिक्षणाने तिच्यामागून धावावे, अशी स्थिती अन्यत्र यापूर्वी येऊन गेली आहे. अमेरिकेत शालेय मानसशास्त्र ही स्वतंत्र व्यावसायिक शाखा म्हणून सर्वाधिक विकसित झाली. तिच्या इतिहासात यशाइतकेच अपयशही नोंदलेले आहे. शालेय मानसशास्त्रज्ञ पदवीने वा चाचण्यांच्या ज्ञानाने घडत नाही. अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष शाळेत केलेल्या दीर्घ कामातून तो घडतो. त्या इतिहासाचा हा निष्कर्ष महाराष्ट्रातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांना कितपत लागू पडतो, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

शाखेचा उगम

लाइटनर विटमर यांनी १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मानसशास्त्रीय चिकित्सालय सुरू केले. त्या चिकित्सालयातील पहिला मुलगा एका शिक्षिकेने आणला होता, आणि त्याची तक्रार शुद्धलेखनाची होती. तपासणीत त्याच्या दृष्टीत दोष आढळला. चष्मा मिळाल्यानंतरही त्याला स्वतंत्र अध्यापनाची गरज उरलीच. पुढे निष्णात शालेय मानसशास्त्रज्ञाकडून जे अपेक्षिले गेले, त्याचे बीज या एका प्रकरणात आहे. तक्रार शिक्षकाकडून येते, तिचे कारण मनात असेलच असे नाही, आणि कारण सापडल्यानेच काम संपत नाही.

१९१५ मध्ये आर्नल्ड गेझेल यांची कनेक्टिकट राज्याने 'शालेय मानसशास्त्रज्ञ' या पदनामाने नेमणूक केली. या पदनामाची ती पहिली नेमणूक मानली जाते. १९४९ च्या बोल्डर परिषदेने चिकित्सालयीन मानसशास्त्राच्या प्रशिक्षणाची दिशा ठरविली, आणि १९५४ मध्ये वेस्ट पॉइंट येथे भरलेल्या थेअर परिषदेने शालेय मानसशास्त्राचा स्वतंत्र विचार केला. डॉक्टरेटप्राप्त शालेय मानसशास्त्रज्ञ आणि त्याहून कमी कालावधीचे प्रशिक्षण घेतलेला मानसशास्त्रीय परीक्षक असे दोन स्तर तिने सुचविले. पात्रतेचा हा वाद पुढेही मिटला नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने डॉक्टरेटचा आग्रह धरला. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन ऑफ स्कूल सायकॉलॉजिस्ट्स या संघटनेने मात्र डॉक्टरेटपूर्व 'स्पेशालिस्ट' पातळी हीच व्यवसायाची प्रवेशपात्रता मानली. शाळांमध्ये काम करणाऱ्यांचा मोठा वर्ग आज याच पातळीवरील प्रशिक्षण घेतलेला आहे.

कायदा, चाचणी आणि संकुचित झालेली भूमिका

१९७५ चा सर्व अपंग बालकांच्या शिक्षणाचा कायदा हा या शाखेच्या वाटचालीतील निर्णायक टप्पा होय. या कायद्याने प्रत्येक अपंग बालकास योग्य व मोफत सार्वजनिक शिक्षणाचा हक्क दिला आणि विशेष शिक्षणापूर्वी बालकाचे बहुविद्याशाखीय मूल्यमापन अनिवार्य केले. मानसशास्त्रज्ञांची मागणी एकाएकी वाढली. परंतु ही मागणी मुख्यतः मूल्यमापनाची होती. कोणते बालक विशेष शिक्षणास पात्र आहे हे ठरविणे हेच पुष्कळांचे मुख्य काम होऊन बसले. १९७७ च्या नियमांनी अध्ययन अक्षमतेच्या निदानासाठी क्षमता व संपादन यांतील तीव्र तफावतीचा निकष पुढे आणला, तेव्हा बुद्धिमापन चाचणीचे महत्त्व आणखी वाढले. शिक्षकाशी विचारविनिमय, प्रतिबंधात्मक कार्य, पालकांशी संवाद ही कामे मागे पडली आणि मानसशास्त्रज्ञ विशेष शिक्षणाच्या दारावरील पहारेकरी ठरला.

चाचणीवरील या विश्वासाला न्यायालयांतूनही आव्हान मिळाले होते. कॅलिफोर्नियातील डायना प्रकरणात (१९७०) मेक्सिकन वंशाच्या मुलांची बुद्धी इंग्रजी चाचण्यांनी मोजून त्यांना मतिमंदांच्या वर्गात घातल्याची तक्रार होती. मुलांची चाचणी त्यांच्या प्रथम भाषेत घेतली जावी, हे त्या प्रकरणातील तडजोडीने मान्य झाले. लॅरी पी. प्रकरणात १९७९ मध्ये न्यायाधीश पेकहॅम यांनी कृष्णवर्णीय मुलांना अशा वर्गांत पाठविण्यासाठी बुद्धिमापन चाचण्यांचा वापर अवैध ठरविला. पुढल्याच वर्षी इलिनॉयमधील एका प्रकरणात दुसऱ्या न्यायालयाने याच्या विरुद्ध निष्कर्ष काढला. चाचणी निर्दोष की सदोष, हे न्यायालयाकडून कायमचे ठरवून घेता येत नाही, हा यातील बोध होय. विशिष्ट बालकाबाबत तिचा निष्कर्ष कितपत ग्राह्य धरावा, हा विवेक मानसशास्त्रज्ञाच्या ठायी असावा लागतो, आणि तो चाचणीच्या माहितीपुस्तिकेत सापडत नाही.

२००४ च्या सुधारित कायद्याने तफावतीचा निकष सक्तीचा करण्यास राज्यांना मनाई केली आणि बालकास योग्य अध्यापन देऊन त्याचा प्रतिसाद पाहण्याची पद्धती मान्य केली. म्हणजे जी भूमिका १९७५ नंतर आक्रसली, ती रुंदावण्यास सुमारे तीन दशके लागली.

प्रशिक्षणाच्या रचनेतील मर्म

या अनुभवाचे प्रतिबिंब उपर्युक्त राष्ट्रीय संघटनेच्या मानकांत दिसते. स्पेशालिस्ट पातळीसाठी किमान तीन वर्षांचे पूर्णवेळ अध्ययन, पदव्युत्तर स्तरावरील किमान ६० सत्र-श्रेयांक आणि १,२०० तासांची आंतरवासिता आवश्यक मानली आहे. त्यांपैकी किमान ६०० तास शाळेतच पूर्ण करावे लागतात. आंतरवासितेपूर्वी प्रात्यक्षिकाचा स्वतंत्र टप्पा असतो. आंतरवासितेच्या काळात पूर्णवेळ कामाच्या प्रत्येक आठवड्यामागे सरासरी किमान दोन तास क्षेत्रीय पर्यवेक्षण मिळावे, अशीही अपेक्षा आहे.

या आकड्यांकडे केवळ प्रशासकीय अटी म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. आंतरवासी एक संपूर्ण शैक्षणिक वर्ष शाळेत काढतो, तेव्हा त्याला जून व मार्च यांतील फरक कळतो. प्रवेशाच्या वेळी बावरलेले मूल, चाचणी परीक्षेनंतर गप्प झालेले मूल आणि वार्षिक परीक्षेच्या तोंडावर पोटदुखीची तक्रार करणारे मूल कधी कधी एकच असते, हे एका भेटीत समजत नाही. मुख्याध्यापकांचा अग्रक्रम, वर्गशिक्षकाचा थकवा, पालकांची भीती यांच्या मधोमध उभे राहून बालकाच्या हिताचा निर्णय कसा घ्यावा, हे व्याख्यानातून शिकविता येत नाही. जेराल्ड कॅप्लन यांनी मानसिक आरोग्यविषयक सल्लामसलतीची जी संकल्पना मांडली, तिचेही सार हेच आहे. तज्ज्ञाने प्रत्येक बालकाला स्वतः भेटण्याऐवजी शिक्षकाची जाण वाढविली, तर तिचा लाभ पुढील अनेक बालकांना होतो. परंतु शिक्षकाला सहकारी मानण्याची वृत्ती शाळेत राहिल्याशिवाय अंगी येत नाही.

अमेरिकन प्रतिमानही परिपूर्ण नाही. पाचशे विद्यार्थ्यांमागे एक शालेय मानसशास्त्रज्ञ हे संघटनेने शिफारस केलेले प्रमाण असले, तरी प्रत्यक्षातील राष्ट्रीय सरासरी त्याच्या दुपटीहून अधिक विद्यार्थ्यांची आहे. प्रशिक्षण खर्चिक व प्रदीर्घ आहे. म्हणून त्याचे अनुकरण करण्यापेक्षा त्यातील तत्त्व वेचून घेणे इष्ट.

महाराष्ट्रातील स्थिती

भारतात शालेय मानसशास्त्रज्ञ हे पदच कायद्याने स्पष्टपणे ओळखले गेलेले नाही. भारतीय पुनर्वसन परिषदेच्या व्यावसायिकांच्या यादीत चिकित्सालयीन व पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ आहेत, शालेय मानसशास्त्रज्ञ नाही. परिणामी एम. ए. मानसशास्त्र, एम. एस. डब्ल्यू. किंवा एखादी समुपदेशन पदविका घेतलेली व्यक्ती शाळेत 'समुपदेशक' म्हणून रुजू होते. तिने प्रत्यक्ष शाळेत किती काळ व कोणाच्या देखरेखीखाली काम केले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीत राज्यातील दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत कार्यप्रशिक्षण अथवा क्षेत्रप्रकल्प समाविष्ट झाला. ही बाब निश्चितच स्वागतार्ह आहे. मात्र त्यास दिलेले ४ श्रेयांक म्हणजे सुमारे १२० तास होत. वर उल्लेखिलेल्या आंतरवासितेचा हा दहावा हिस्सा. परदेशाशी तुलना अन्यायकारक वाटत असेल, तर घरचेच उदाहरण पाहावे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी दोन वर्षांच्या बी. एड.साठी २० आठवड्यांचा शालेय अनुभव आवश्यक केला. गणित वा भूगोल शिकविणाऱ्याने २० आठवडे शाळेत घालवावेत आणि मुलाच्या मनाविषयी मत देणाऱ्याने तीन-चार आठवड्यांत तयार व्हावे, ही विसंगती समर्थनीय नाही.

विसंगतीचा दुसरा पैलू मूल्यमापनाचा. महाराष्ट्रात १९९६ पासून शालान्त परीक्षेत अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना वाढीव वेळ, लेखनिक इत्यादी सवलती मिळू लागल्या. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत समावेश केला. हे हक्क मोलाचे आहेत. परंतु प्रमाणपत्र रुग्णालयाशी जोडले गेल्याने प्रश्न शाळेबाहेर गेला. दहावीचे वर्ष जवळ येते, तेव्हा पालक प्रमाणपत्रासाठी धावपळ करतात. तिसरीत वाचन अडखळत होते, तेव्हा काय करता आले असते, हे विचारणारा कोणी शाळेत नसतो. अमेरिकेत १९७५ नंतर जे घडले, त्याचेच हे देशी रूप होय.

साधनांच्या बाबतीतही विवेकाची गरज आहे. व्ही. व्ही. कामत यांनी स्टॅनफर्ड-बिने चाचणीचे मराठी व कन्नड भाषक मुलांसाठी अनुकूलन केले आणि १९४० मध्ये त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. भारतीय मानसमापनातील ते पायाभूत कार्य आहे. बिने-कामत चाचणी आजही अनेक ठिकाणी वापरली जाते. मात्र पिढीगणिक चाचण्यांवरील सरासरी कामगिरी उंचावत जाते, असे जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात अनेक देशांच्या आकडेवारीवरून दाखविले. जुन्या प्रमाणकांवर आजच्या बालकाचा बुद्ध्यंक वास्तवाहून अधिक दिसण्याचा संभव त्यामुळे राहतो, आणि साहाय्याची खरी गरज असलेले मूल त्यातून निसटू शकते. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने विकसित केलेले 'डाली' हे वाचन-अक्षमतेच्या मूल्यमापनाचे साधन २०१५ मध्ये उपलब्ध झाले. हिंदी, कन्नड व इंग्रजी यांबरोबर त्यात मराठीचाही समावेश असणे ही महत्त्वाची घटना होय. मराठी वाचनाच्या अडचणी इंग्रजी वाचनाच्या अडचणींहून वेगळ्या आहेत. जोडाक्षरे, रफार, काना-मात्रांची स्थाने, ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी यांत मूल कोठे अडते, हे इंग्रजी पाठ्यपुस्तक सांगत नाही. घरी भिली, कोरकू, गोंडी किंवा मराठीची एखादी बोली बोलणाऱ्या मुलाची प्रमाण मराठीतील चूक ही अक्षमता आहे की भाषांतराचा ताण, हे ओळखणे तर त्याहून अवघड. डायना प्रकरणाचा प्रश्न येथे नंदुरबार, मेळघाट व गडचिरोलीच्या वर्गांत उभा आहे.

काय शक्य आहे

तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाने १,२०० तासांची आंतरवासिता उद्याच सुरू करावी, ही अपेक्षा अवास्तव ठरेल. पर्यवेक्षण करू शकणारे अनुभवी शालेय मानसशास्त्रज्ञच कोठे आहेत, हा आक्षेपही रास्त आहे. परंतु आरंभ करण्यास तो अडथळा ठरू नये. मानसशास्त्र विभाग, जवळचे अध्यापक महाविद्यालय आणि परिसरातील तीन-चार शाळा यांनी कायमस्वरूपी सहकार्य केल्यास कार्यप्रशिक्षण, क्षेत्रप्रकल्प व संशोधन प्रकल्प यांचे श्रेयांक एकाच शाळेत सलगपणे योजता येतील. प्रथम निरीक्षण, नंतर साहाय्य आणि शेवटी मर्यादित जबाबदारी असा क्रम ठेवता येईल. आठवड्यातून एकदा विद्यार्थ्यांनी मराठीत लिहिलेल्या प्रकरण-नोंदींवर गटाने चर्चा करावी, त्यात अनुभवी शिक्षक व विशेष शिक्षकही असावेत, आणि जिल्हा रुग्णालयातील तज्ज्ञांना ठरावीक काळाने पाचारण करावे. मूल्यमापनही लेखी अहवालापुरते न ठेवता शाळेत विद्यार्थ्याने काय केले यावर आधारावे. आपल्या कामाची मर्यादा ओळखून बालकास पुढील तज्ज्ञाकडे केव्हा पाठवावे, हे शिकणे त्यातील सर्वांत महत्त्वाचे कौशल्य मानावे लागेल. आत्महत्येचा विचार बोलून दाखविणाऱ्या मुलासमोर अर्धवट प्रशिक्षित समुपदेशकाचा आत्मविश्वास घातक ठरू शकतो.

समारोप

न्यायालयाच्या निर्णयामुळे पदे निर्माण होतील आणि ती भरलीही जातील. ती कशा प्रकारच्या व्यक्तींनी भरली जातील, हे अभ्यास मंडळांनी आत्ता घेतलेल्या निर्णयांवर अवलंबून आहे. प्रशिक्षण पाठ्यपुस्तके व चाचण्यांच्या पेट्या यांपुरते राहिले, तर शाळांना प्रमाणपत्रे लिहिणारा आणखी एक कर्मचारी मिळेल. ते वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचले, तर विटमर यांच्याकडे मुलाला घेऊन गेलेल्या शिक्षिकेसारख्या असंख्य शिक्षकांना आपली शंका घेऊन जाण्यासाठी शाळेतच एक दार उघडे मिळेल. अमेरिकेला या धड्यासाठी तीन दशके मोजावी लागली. तो आयता उपलब्ध असताना महाराष्ट्राने तितकाच काळ पुन्हा खर्ची घालण्याचे कारण नाही.