ठाण्याच्या रक्तसाक्षींची कथा आणि तिचा संक्षेप

एप्रिल महिना आला की ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांच्या मोबाइलवर एक मजकूर फिरू लागतो. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन संन्याशांची श्रद्धेपायी हत्या झाली, एवढेच तो सांगतो; खाली ‘सर्वांना पाठवा’ अशी आज्ञा असते. घटना खरी आहे. तोलेन्तिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर व तिफ्लिसचे दिमित्री ही नावेही बरोबर असतात. तरीही हा मजकूर एखाद्या पुस्तकाप्रमाणे तपासून पाहावा असे आम्हांस वाटते. कारण आपल्या घरांत आज इतिहासाचे वाचन होते ते बहुतांशी अशाच लेखनातून.

या कथेचा एक प्रमुख आधार म्हणजे पोर्देनोनेचे ओदोरिक यांचे प्रवासवर्णन. हे फ्रान्सिस्कन प्रवासी हत्येनंतर थोड्याच वर्षांत ठाण्यास आले, रक्तसाक्षींच्या अस्थी त्यांनी समुद्रमार्गे चीनला नेल्या आणि १३३० मध्ये पादुआ येथे आपली हकिगत सांगून लिहून घेवविली. त्यांची कथा धर्मचर्चेने सुरू होत नाही. ती एका घरातील भांडणाने सुरू होते. ठाण्यात त्या वेळी नेस्तोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती. त्यांपैकी एका घरी हे संन्यासी उतरले होते. यजमानाने बायकोला मारहाण केली. ती काजीकडे दाद मागण्यास गेली. पुरावा काय, असे विचारताच घरी चार परदेशी धर्मगुरू आहेत, ते साक्ष देतील, असे तिने सांगितले. त्यांतून बोलावणे, धर्मावरील वाद, छळ आणि हत्या. शेवटी ओदोरिक हेही नोंदवितात की, दिल्लीच्या बादशहास हे कळताच तो संतापला. ठाण्याच्या अधिकाऱ्यास त्याने देहदंड दिला आणि काजी पळून गेला.

फिरत्या मजकुरात यांतील काय उरले? मारणारे आणि मरणारे. मार खाल्लेली बाई गेली. तिच्यावर हात उचलणारा ख्रिस्ती होता, ही अडचणीची गोष्टही गेली. अपराध्यांना शासन करणारा मुसलमान बादशहा गेला. आणि ती पंधरा घरे! पोर्तुगीज येण्याच्या सुमारे दोनशे वर्षे आधी या खाडीकाठी ख्रिस्ती चुली पेटत होत्या, ही आमच्या मते साऱ्या हकिगतीतील सर्वांत मोलाची बातमी. तिलाच जागा नाही. एवढे गाळल्यावर कथा केवळ लहान होत नाही, दुसरीच होते. शेजाऱ्याविषयी मनात राग धरण्यास ती फार सोयीची होते.

ओदोरिक निर्लेप होते असे आमचे म्हणणे नाही. हत्येच्या वेळी ते तेथे नव्हते. आपल्या संघाच्या रक्तसाक्षींची थोरवी गाणे हाच त्यांचा हेतू होता, आणि प्रतिपक्षाचे म्हणणे त्यांनी सहानुभूतीने ऐकलेले नाही. पण गौरव करतानाही त्यांनी ती बाई पुसून टाकली नाही. आम्ही मात्र कित्येक वर्षे ही कथा प्रवचनात तिला वगळूनच सांगत आलो. तेव्हा दोष मोबाइलचाच आहे असे कोणत्या तोंडाने म्हणावे? हाताने नकला करणारेही गाळगूळ करीतच.

नवे आहे ते बाजारपेठेचे वळण. त्याच एप्रिलमध्ये पहिल्या आगगाडीचा मजकूर येतो. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, चौदा डबे, चारशे पाहुणे. साहेब, सिंध, सुलतान ही इंजिनांची नावे तर मुलांनाही पाठ आहेत. पुढे याच लोहमार्गासाठी भोर घाट फोडताना हजारो मजूर मेले, त्यांतील एकाचेही नाव कोणी पाठवीत नाही. कल्याणचेही तसेच. सहाव्या शतकातील प्रवासी कॉस्मस ‘कल्लियाना’ येथे बिशप असल्याचे लिहितो. ते आपलेच कल्याण काय, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. मजकुरात मात्र शंकेचा मागमूस नसतो. पहिले, सर्वांत जुने, सर्वांत मोठे! घोडबंदर रस्त्यावरील गृहसंकुलांच्या फलकांवर हीच विशेषणे लटकत असतात. इतिहास सांगणाऱ्याने जाहिरातीची भाषा उचलली की वाचकाचा ग्राहक होतो, आणि ग्राहकाला विकत घेतलेल्या वस्तूत खोट दाखविलेली आवडत नाही.

गेल्या वर्षी आम्ही ओदोरिकांची संपूर्ण हकिगत, आमच्या ओबडधोबड मराठीत का होईना, संध्याकाळच्या मिस्सानंतर सभागृहात वाचून दाखविली. पाऊण तास लागला. तरुण मंडळींनी काजीविषयी व बादशहाविषयी पुष्कळ प्रश्न विचारले. मागच्या बाकावरील एका वृद्ध मावशींनी एवढेच विचारले, “फादर, त्या बाईचं पुढं काय झालं?”

ओदोरिकांच्या हकिगतीत त्याचे उत्तर नाही.