नोंदींची आयात-निर्यात आणि अधिकारांचे नियमन : कोहा ग्रंथालय प्रणालीची चिकित्सा

प्रस्तावना

ग्रंथालय संगणकीकरणावरील लेखनात नोंदींच्या आयात-निर्यातीची चर्चा बहुधा आयएसओ 2709 व मार्क 21 या प्रमाणकांपाशी थांबते. नोंद एका प्रणालीतून दुसरीत शाबूत पोहोचते की नाही, एवढेच पाहिले जाते. ती कोणी न्यावी, कोणी आणावी आणि आणलेली कोणी मान्य करावी, हा प्रश्न तांत्रिक साहाय्यकावर सोपवला जातो. वस्तुतः तो प्रशासनाचा प्रश्न आहे. दाखलनोंदवहीच्या काळात लिपिक नोंद लिही, ग्रंथपाल सही करी आणि खाडाखोड झाल्यास तिच्यावर आद्याक्षरी होई. क्लार्क व विल्सन यांनी 1987 मध्ये संगणकीय विदेसाठी मांडलेले कर्तव्यविभाजनाचे तत्त्व या शिस्तीपासून फार दूर नाही.

आयातीचे दोन टप्पे

न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी तयार होऊन 2000 मध्ये मुक्त झालेली कोहा प्रणाली या कसोटीवर आरंभी चांगली उतरते. बाहेरून आलेल्या ग्रंथनोंदी प्रथम एका प्रतीक्षा-साठ्यात उतरवणे हा एक अधिकार. त्या तालिकेत समाविष्ट करणे वा समावेश मागे घेणे हा दुसरा. ही विभागणी मराठी संग्रहासाठी विशेष मोलाची आहे. गिरगावचे विल्सन महाविद्यालय 1832 चे, दादरचे कीर्ती 1954 चे. या परिसरातील महाविद्यालयांची वये अशी भिन्न असल्याने त्यांच्या तालिकांना एकच साचा लावता येत नाही. मराठी पुस्तकाची लायब्ररी ऑफ काँग्रेसकडील नोंद रोमन लिप्यंतरात असू शकते. आयएसबीएन जुळल्यास ‘जुनी नोंद बदला’ हा पर्याय निवडला, की ग्रंथपालाने देवनागरीत केलेली नोंद तिच्याखाली जाते. दोन अधिकार दोन व्यक्तींकडे असतील, तर ही चूक दुसऱ्या नजरेस पडण्याची शक्यता राहते.

निर्यातीतील पळवाट

निर्यातीबाबत मात्र ही प्रणाली तितकी सावध नाही. वाचनाने काही बिघडत नाही, हा समज तिच्या रचनेत मुरलेला दिसतो. तालिका निर्यात करण्याचा अधिकार स्वतंत्र आहे, हे खरे. परंतु अहवाल रचण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, तो एसक्यूएल आज्ञा लिहून सभासदांचे नाव, पत्ता व भ्रमणध्वनी यांची यादी काढू शकतो आणि ती फाइल म्हणून उतरवून घेऊ शकतो. अहवालात केवळ वाचनाच्याच आज्ञा चालतात. पण निर्यात म्हणजे वाचनच नव्हे काय? येथे अधिकार पडद्यावरील कामाला जोडला आहे, विदेला नाही. एक दार बंद करून शेजारचे उघडे ठेवण्याचा हा प्रकार आहे आणि कोहाच्या रचनेतील हा सर्वांत गंभीर दोष मानावा लागेल.

तालिकेच्या निर्यातीतही एक बारकावा दुर्लक्षिला जातो. प्रतींचा तपशील 952 या क्षेत्रात असतो. त्यात पुस्तकाची किंमत आणि वाचकांना न दिसणारी अंतर्गत टीप यांसाठीही जागा आहे. प्रती वगळण्याचा पर्याय न निवडल्यास हा तपशील फाइलीबरोबर बाहेर जातो. एकदा बाहेर गेलेल्या फाइलीला मूळ प्रणालीतील अधिकार लागू होत नाहीत. आयएसओ 2709 च्या नोंदीत ‘हे कोणी पाहावे’ असे सांगणारी सोयच नाही.

सभासदांच्या नोंदी

ग्रंथांपेक्षा विद्यार्थ्यांच्या नोंदींचा प्रश्न अधिक नाजूक आहे. प्रवेश आटोपले की कार्यालयाची एक्सेल फाइल ग्रंथालयात येते. तिच्यात प्रवर्ग, पालकांचे उत्पन्न, जन्मतारीख असे स्तंभ असू शकतात. पुस्तक देण्यासाठी त्यांपैकी किती लागतात? संसदेने 2023 मध्ये संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात संमतीने घ्यावयाची माहिती हेतूपुरती असावी, असे तत्त्व आहे. परळ-लालबागच्या चाळीतील विद्यार्थ्याचा पत्ता व प्रवर्ग ग्रंथालयाच्या संगणकावर विनाकारण राहणे या तत्त्वाशी विसंगत ठरते. अनावश्यक स्तंभ कार्यालयातच वगळले पाहिजेत. आयातीच्या वेळी वगळले, तरी मूळ फाइल संगणकावर उरतेच.

ग्रंथपाल व एक सहायक एवढाच कर्मचारीवर्ग असेल, तर आदर्श विभाजन अशक्य आहे, असा आक्षेप येईल. तो अंशतः मान्य करावा लागेल. तरीही नोंदी प्रतीक्षा-साठ्यात उतरवण्याचे काम सहायकाकडे व मान्यता ग्रंथपालाकडे ठेवण्यास दोन माणसे पुरतात. अहवाल रचण्याचा अधिकार दोघांपैकी एकाकडेच असावा; दुसऱ्यास तयार अहवाल चालवण्यापुरता अधिकार देण्याची सोय कोहात आहेच. राहिला ‘सुपर लायब्ररियन’ हा सर्वाधिकार. पुस्तकांच्या रोजच्या देवघेवीसाठी त्याच खात्याने प्रवेश करण्याची सवय असेल, तर वरील सर्व विभागणी कागदावरच राहते.