'उत्पन्न' आणि 'कुटुंब' : आरक्षण-निकषांच्या परिभाषेचे परीक्षण

शासकीय परिभाषेचे मूल्यमापन करताना ती ज्यांच्यासाठी योजिली जाते त्यांस तिचा कोणता अर्थबोध होतो, हे पाहणे अगत्याचे असते. महाविद्यालयीन प्रवेशाच्या हंगामात पनवेलच्या तहसील कचेरीत 'नॉन-क्रिमीलेअर' दाखल्यासाठी येणाऱ्या पालकाच्या मनात सारा निकष एका वाक्यात सामावलेला असतो : कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे. या वाक्यातील आकडा तेवढा निःसंदिग्ध आहे. 'कुटुंब' व 'उत्पन्न' हे दोन्ही शब्द मात्र आपला रूढ अर्थ सोडून तेथे आले आहेत.

या संकल्पनेचा इतिहास थोडक्यात असा. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७५ च्या एका निकालपत्रात मागासवर्गांतील वरच्या थराला दुधावरील सायीची उपमा दिली. इंद्रा साहनी खटल्यात १६ नोव्हेंबर १९९२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा थर इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणातून वगळण्याचा आदेश दिला. रामनंदन प्रसाद समितीने निकष सुचविले आणि ८ सप्टेंबर १९९३ च्या केंद्रीय ज्ञापनाने ते अमलात आले. महाराष्ट्रात विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्ग यांनाही ही अट लागू आहे. मराठी शासनव्यवहाराने 'उन्नत व प्रगत व्यक्ती किंवा गट' असा पर्याय योजिला, परंतु लोकांच्या तोंडी 'क्रिमीलेअर' हाच शब्द राहिला. 'साय' हा घरगुती शब्द हाताशी असूनही कोणी स्वीकारला नाही.

'उत्पन्न' हे संस्कृतातील धातुसाधित. जे उपजले ते उत्पन्न. 'यंदा भाताचे उत्पन्न बरे आले' असे खाचरातला शेतकरी म्हणतो, आणि नोकरदार उत्पन्न विचारल्यावर प्रथम पगार सांगतो. १९९३ च्या ज्ञापनातील उत्पन्न-कसोटीत मात्र वेतन आणि शेतीची प्राप्ती ही दोन्ही धरली जात नाहीत. म्हणजे सामान्य मराठी भाषक ज्यांस उत्पन्न म्हणतो, नेमकी तीच दोन या 'उत्पन्ना'तून वगळलेली आहेत. शासनाच्या गट-क सेवेतील पतिपत्नींचे एकत्रित वेतन अकरा लाख असून अन्य प्राप्ती नसेल, तर त्यांचे अपत्य आरक्षणास पात्र ठरते. उलट साडेआठ लाख प्राप्ती सलग तीन वर्षे असणाऱ्या दुकानदाराचे अपत्य अपात्र ठरते.

यामागे तर्क नाही असे म्हणता येणार नाही. अधिकारपद व जमीन यांसाठी ज्ञापनात स्वतंत्र कसोट्या आहेत : आई किंवा वडील थेट भरतीने वर्ग एकचे अधिकारी झाले असल्यास, किंवा कुटुंबाची ओलीत जमीन कमाल धारणेच्या ८५ टक्के वा अधिक असल्यास, अपत्य वगळले जाते. दोष तर्काचा नाही, नामकरणाचा आहे.

'कुटुंब' या शब्दाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. जुन्या मराठीत 'आमचे कुटुंब' म्हणजे पत्नी. ग्रामीण व्यवहारात चुलते व आजेही त्यात येतात. इतर मागासवर्गीयांच्या उत्पन्न-कसोटीत केवळ आईवडिलांची प्राप्ती पाहतात. २०१९ मध्ये आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी केंद्राने केलेल्या निकषांत मात्र उमेदवार, आईवडील, अठरा वर्षांखालील भावंडे, पती वा पत्नी आणि अज्ञान मुले असे कुटुंब आहे. तेथे वेतन व शेतीही मोजली जाते, आणि तीही एकाच वर्षाची. आकडा दोन्हीकडे आठ लाखच. अजय भूषण पांडे समितीने हा भेद नोंदविला होता; परंतु दाखल्याच्या रांगेतील शेजाऱ्यांना दिसतो तो समान आकडा. त्यामुळे एकाला दुसऱ्याच्या पात्रतेत लबाडी दिसू लागते.

संपत्तीच्या कसोटीत तर शब्दाचा आधारच नाहीसा झाला आहे. ज्ञापनात संपत्तीकर कायद्यातील सूट-मर्यादा प्रमाण मानली आहे. तो कर २०१६ पासून रद्द झाला. नवी मुंबई, विमानतळ व त्यांभोवतीच्या वसाहतींमुळे भातखाचरे आणि मिठागरे यांचे मोल पालटलेल्या पनवेल तालुक्यात ही उणीव विशेष जाणवावी अशी आहे. 'मिळकत' हा मराठी शब्द कमाई आणि मालमत्ता या दोहोंना लागतो; निकष मात्र त्यांपैकी एकीचे माप संपून गेलेल्या कायद्यात शोधतो.

चर्चा आजवर बहुधा आकड्याचीच झाली. मर्यादा १९९३ मध्ये एक लाख होती; ती २००४ मध्ये अडीच, २००८ मध्ये साडेचार, २०१३ मध्ये सहा व २०१७ मध्ये आठ लाख झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती पंधरा लाख करण्याची विनंती केंद्रास करण्याचे ठरविले. आकडा वाढला तरी अर्थाची संदिग्धता तशीच राहते. गट-क मधील लिपिकाने 'आपण बसत नाही' असे समजून अर्जच केला नाही, तर मर्यादा कितीही वाढविली तरी त्याच्या कन्येचा गेलेला प्रवेश परत येत नाही. यास्तव दाखल्याच्या अर्जावर 'कुटुंबाचे उत्पन्न' असे मोघम न लिहिता 'आईवडिलांची वेतन व शेती वगळून अन्य प्राप्ती' असे स्पष्ट शब्द असावेत. ही रचना बोजड आहे हे खरे. परंतु वाचणाऱ्यास आपला हक्क कळावा एवढे काम ती निश्चित करील.