टाइमआउट झाला, पण सांगितलं कुठे?

रिसर्च सुरू करताना डेटा कुठून आणायचा, यावर आपण भरपूर विचार करतो. पण डेटा देणारी सेवा किती वेळाने हात वर करते, हे सहसा कुणी बघत नाही. आज त्याबद्दल थोडं.

विकिडेटा आणि डीबीपीडिया या लिंक्ड डेटाच्या दोन सार्वजनिक सेवा. दोन्हींना स्पार्कल भाषेत क्वेरी देता येते, तीही फुकट. एवढे लोक एकाच सेवेवर येणार म्हटल्यावर वेळेची मर्यादा हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न आहे तो वेळ संपल्यावर काय होतं याचा.

विकिडेटाची मर्यादा ६० सेकंदांची. क्वेरी त्यात बसली नाही, तर सहसा सरळ एरर येते. चिडचिड होते, पण आपल्या हातात उत्तर नाही हे तरी कळतं.

डीबीपीडियाची सेवा व्हर्च्युओसो या डेटाबेसवर चालते. क्वेरीच्या फॉर्ममध्ये टाइमआउटचा आकडा आधीच भरलेला असतो, म्हणून आपण त्याकडे बघतही नाही. व्हर्च्युओसोची पद्धत अशी, की वेळ संपली की तोपर्यंत जे सापडलं ते द्यायचं. कल्पना वाईट नाही. नुसता अंदाज हवा असेल तर अर्धं उत्तरही चालतं. गोची पुढे आहे. उत्तर अर्धं आहे ही सूचना एचटीटीपी हेडरमध्ये येते आणि टेबल मात्र नीटनेटकं, पूर्ण असल्यासारखं दिसतं. सीएसव्ही डाउनलोड करणारा हेडर कशाला उघडेल?

समजा, दोन भाषांतल्या लेखकांची संख्या तुम्ही मोजताय. एक क्वेरी वेळेत संपली, दुसरी मध्येच तुटली. तुटलेल्या क्वेरीत काउंटही तिथपर्यंतचाच येतो. म्हणजे जो फरक तुम्ही निष्कर्ष म्हणून लिहिणार, तो खरं तर सर्व्हरच्या घाईचा असू शकतो! माझ्या मते हा डिफॉल्टचा दोष आहे. एरर आली तर विद्यार्थ्याचा एक तास जातो, चुकीचा आकडा आला तर आख्खं प्रकरण जातं.

मग करायचं काय? प्रोग्रामने डेटा ओढत असाल तर हेडर तपासा आणि जपून ठेवा. बरोबर १०,००० ओळी आल्या तर शंका घ्या. डीबीपीडियाची ओळींची मर्यादा तेवढीच आहे. मोठी क्वेरी वर्षानुसार किंवा देशानुसार तोडून चालवा. सगळाच डेटा हवा असेल तर डंप उतरवून आपल्या मशीनवर चालवा. आणि पद्धतीच्या प्रकरणात क्वेरीसोबत तारीख आणि टाइमआउटही लिहा.

गाइड आकडा विचारतील. तो पूर्ण आहे का, हे मात्र आपणच आपल्याला विचारायचं.