‘टेप मार्क १’ : एका क्रियापदाचे वचन

इटालियन कवी नान्नी बालेस्त्रीनी (१९३५–२०१९) ह्यांनी १९६१ साली मिलान येथे, एका बँकेच्या आय.बी.एम. ७०७० ह्या गणकयंत्राच्या साहाय्याने, ‘टेप मार्क १’ हे काव्य सिद्ध केले. त्याविषयी सामान्यतः दोन मते आढळतात. यंत्राने काव्य रचले, हे एक. यंत्राने पत्ते पिसण्यापलीकडे काहीच केले नाही, हे दुसरे. ही दोन्ही मते रचनेचे नियम न पाहता बनविलेली दिसतात.

कवीने तीन ग्रंथांतून एकंदर पंधरा पदबंध निवडले. मिचिहिको हाचिया ह्या वैद्याच्या हिरोशिमाविषयक रोजनिशीतून सहा, पॉल गोल्डविन ह्यांच्या रहस्यकथेतून पाच आणि लाओत्सेच्या ‘ताओ ते चिंग’मधून चार. प्रत्येक पदबंधाचे दोन किंवा तीन लयखंड पाडले व त्यास एक आद्यसंकेत आणि एक अंत्यसंकेत जोडला. यंत्राने पंधरांतून दहा पदबंध घ्यावयाचे, पुनरुक्ती टाळावयाची, संकेत जुळतील तेथेच सांधा करावयाचा, एकाच ग्रंथातील दोन पदबंध शेजारी येऊ द्यावयाचे नाहीत, आणि मग त्या शृंखलेच्या प्रत्येकी चार लयखंडांच्या सहा ओळी पाडावयाच्या, असा हा नियमबंध होता. निष्पन्न झालेल्या मजकुरातून निवड कवीने केली, आणि विरामचिन्हे व व्याकरण ह्यांत किरकोळ फेरफारही केले.

यंत्रविद्येच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या कवीस प्रथम काय शिकावे लागले, हे ह्यावरून स्पष्ट होते. विद्युत्‌मंडलांचे ज्ञान त्याला फारसे लागले नाही. लागले ते स्वभाषेच्या सांध्यांचे ज्ञान. कोणत्या पदानंतर कोणते पद येऊ शकते, हे भाषिकाला न सांगता कळते. यंत्राला मात्र ते सांगावे लागते. संकेतांची योजना म्हणजे कवीने पंधरा पदबंधांपुरते लिहिलेले इटालियन वाक्यरचनेचे एक छोटे व्याकरणच होय.

हे व्याकरण दुसऱ्या भाषेत जसेच्या तसे चालणार नाही. रहस्यकथेतील एका पदबंधात भूतकाळी अनेकवचनी क्रियापद आहे. इटालियनमध्ये त्याचे रूप पुरुष व वचन दाखविते, लिंग दाखवीत नाही. मराठीत कोणी निश्चल ‘पडून राहिले’, ‘राहिल्या’ की ‘राहिली’, हे ठरविल्यावाचून वाक्यच पुरे होत नाही. म्हणजे मराठी संकेतास लिंगाचाही भार वाहावा लागेल, आणि इटालियनमध्ये जुळणारे कित्येक सांधे येथे निखळतील. ज्याला यंत्राचे स्वातंत्र्य म्हणून गौरविले जाते, त्याचा बराचसा भाग इटालियन क्रियापदाचे स्वातंत्र्य आहे.

आक्षेपार्ह वाटतो तो शेजारासंबंधीचा नियम. हाचिया स्फोटात स्वतः जखमी झाले होते, आणि त्यांची रोजनिशी ६ ऑगस्ट १९४५ पासून रुग्णालयातील माणसांची हकीकत सांगते. काव्यात घेतलेल्या सहा पदबंधांत जखमी माणूस नाही. आहे तो अग्निगोल, त्याचा विस्तार, सूर्याशी तुलना, आणि छत्राकार ढग. त्यातही, दहांच्या शृंखलेत दोन सजातीय पदबंध शेजारी येत नाहीत, म्हणून हे सहाही पदबंध एका कडव्यात कधीच एकत्र येऊ शकत नाहीत. फार तर पाच येतील, तेही एकाआड एक. साक्षीदाराला सलग दोन वाक्ये बोलू न देणारी ही योजना आहे. एका वैद्याची साक्ष अशा खेळात वापरावी काय, हा प्रश्न केवळ तंत्राचा मानून बाजूला सारता येत नाही.

तथापि काव्याचे सर्वांत समर्थ स्थळही ह्याच नियमातून निर्माण झाले आहे. पहिल्या कडव्याच्या अखेरीस लाओत्सेच्या वस्तू आपापल्या मुळाकडे परततात, आणि त्यांना लागून ढगाचा आकार सांगणारा पदबंध येतो. यंत्राला दिलेल्या मूळ पदबंधात क्रियापद एकवचनी आहे, कारण आकार धारण करतो तो ढगाचा माथा. मुद्रित पाठात ते अनेकवचनी झाले आहे. आता तो आकार सर्व वस्तू धारण करतात. ताओमतातील परतीचे आश्वासन ह्या एका प्रत्ययाने उलटते, व ते मूळ कोणते, ह्याविषयी भय उत्पन्न होते. दोन पदबंध शेजारी आणले यंत्राने. त्या शेजाराचा अर्थ ओळखून वचन बदलले कवीने. रहस्यकथेतील केस, ओठ व बोटे ह्यांना असे भाग्य लाभत नाही. ती अखेरपर्यंत सजावटच राहतात.

आजची भाषिक प्रारूपे अफाट लेखनसंग्रहातून आपले सांधे आपणच बसवितात. त्यांचे नियम कोणी कागदावर मांडलेले नसतात. ‘टेप मार्क १’चा नियमबंध एका पानात मावतो, आणि म्हणूनच यंत्राचा हात कोठे संपला हे येथे अक्षरशः दाखविता येते. एडविन मॉर्गन ह्यांचे इंग्रजी भाषांतर १९६८ साली लंडनच्या ‘सायबरनेटिक सेरेंडिपिटी’ ह्या प्रदर्शनाच्या निमित्ताने प्रसिद्ध झाले. मराठी भाषांतर करणाऱ्यास इतरत्र लिंगाने अडविले, तरी ह्या स्थळी अडचण पडू नये: ‘माथा धारण करतो’ ह्यातील पुल्लिंग ‘वस्तू धारण करतात’ म्हणताच आपोआप लोपते.