‘निकामी’ आणि ‘विल्हेवाट’ : लष्करी तळांवरील विषदूषणाची परिभाषा

हिंगोली शहरात पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही नावे अद्याप लोकव्यवहारात आहेत. निजामाच्या राज्यातील एक प्रमुख लष्करी ठाणे येथे होते. ठाणे उठले, नावे राहिली. याच जिल्ह्यातील कनेरगाव नाका हे गाव वाशीमच्या हद्दीस लागून आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी या भागात निजामाचा मुलूख संपून वऱ्हाड सुरू होई. नाका म्हणजे माणसास व मालास अडवून तपासण्याची जागा. ठाणे आणि नाका या दोन्ही शब्दांत हद्दीची कल्पना मूलभूत आहे. आतले आत आणि बाहेरचे बाहेर, असा विश्वास या शब्दांमागे असतो. हिंगोलीच्या नामावलीत शिपाई, घोडदळ, तोफा, निवृत्तांची वस्ती आणि बाजार हे सारे आले. लष्करी तळ माती-पाण्यात जे मागे ठेवतो, त्याला मात्र अशा नामावलीत स्थान नसते. हिंगोलीच्या जुन्या ठाण्यावर हा आरोप नव्हे. आधुनिक स्फोटके व रासायनिक द्रावके वापरणाऱ्या तळांविषयी लिहितानाही मराठी लेखन हीच हद्दीची भाषा वापरते, हा येथे विचारार्ह मुद्दा आहे.

या लेखनातील पहिला महत्त्वाचा शब्द ‘निकामी’. निकामी म्हणजे कामाचा नव्हे तो. परंतु कोणाच्या कामाचा नव्हे, हे शब्द सांगत नाही. मुदत संपलेला तोफगोळा लष्कराच्या उपयोगाचा राहत नाही एवढेच; त्यातील द्रव्य निष्क्रिय होत नाही. ट्रायनायट्रोटोल्यूइन, म्हणजेच टीएनटी, कातडीतून व श्वासावाटे शरीरात जाते. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांची कातडी त्यामुळे पिवळी पडली. कित्येकींना यकृताचा विकार होऊन कावीळ झाली व काही दगावल्या. आरडीएक्स हे दुसरे स्फोटक मातीत फारसे अडकून राहत नाही. पावसाच्या पाण्याबरोबर ते भूजलात उतरते. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील कॅम्प एडवर्ड्‌स या सरावक्षेत्राखालील जलसाठा धोक्यात आल्यामुळे १९९७ मध्ये तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने प्रत्यक्ष दारूगोळ्याचा सराव थांबविण्याचा आदेश दिला. तात्पर्य, ‘निकामी’ हे विशेषण वस्तूचा गुणधर्म सांगत नाही, तर वापरणाऱ्याचा तिच्याशी असलेला संबंध सांगते. वाचक मात्र ते गुणधर्म म्हणून वाचतो.

दुसरा शब्द ‘विल्हेवाट’. विल्हेस लावणे म्हणजे योग्य ठिकाणी पोचविणे, मार्गी लावणे. या शब्दात कार्य पूर्ण झाल्याचा अर्थ अंतर्भूत आहे. २० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या दारूगोळा भांडाराच्या परिसरात, सोनेगावच्या मैदानावर, नष्ट करण्यासाठी आणलेल्या जुन्या दारूगोळ्याचा स्फोट होऊन सहा जण मृत्युमुखी पडले. आसपासच्या खेड्यांतील रोजंदारीचे मजूर त्यांत होते. ज्या कृतीस विल्हेवाट म्हणावयाचे, ती कोणाच्या हातांनी होते, हे त्या दिवशी उघड झाले. परंतु स्फोट ही घटना आहे. तिला दिनांक असतो, मृतांची गणना असते. अर्धवट जळालेल्या स्फोटकाचे कण मातीत राहणे ही दीर्घकाळ चालणारी प्रक्रिया आहे. ‘विल्हेवाट लावण्यात आली’ या कर्मणी रचनेत कर्ता लोपतो आणि क्रियापदाच्या पूर्णतेमुळे प्रक्रियाही संपल्याचा भास होतो.

परिभाषेचा हा दोष केवळ मराठीचा नाही, आणि तो केवळ शैलीचाही नाही. अमेरिकेतील कॅम्प लज्यून या नौसैनिकी तळावरील पिण्याच्या पाण्यात १९५३ ते १९८७ या काळात ट्रायक्लोरोएथिलीन, परक्लोरोएथिलीन, बेन्झीन इत्यादी द्रव्ये मिसळत होती. संबंधित शासकीय आरोग्यसंस्थेने १९९७ मध्ये आपले मूल्यमापन प्रसिद्ध केले. त्यात बेन्झीनचा यथायोग्य विचार नव्हता. २००९ मध्ये संस्थेस ते मागे घ्यावे लागले. मधली बारा वर्षे तो मजकूर प्रमाण म्हणून उभा होता. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या तळावरील माजी सैनिकांना कंपवाताचा धोका कॅम्प पेंडल्टन या तुलनेच्या तळावरील सैनिकांपेक्षा सुमारे ७० टक्के अधिक आढळला. बाधितांना न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग २०२२ च्या कायद्याने मोकळा झाला; तोवर कित्येकांच्या आयुष्याची अखेर झाली होती. अहवालात न आलेला शब्द रुग्णाच्या निदानातही येत नाही, हा या प्रकरणाचा भाषिक निष्कर्ष होय.

यावर असा आक्षेप संभवतो की, संरक्षणविषयक लेखनास गुप्तता आवश्यक असते आणि प्रशासनाची भाषा संक्षिप्तच असावयाची. आक्षेप अंशतः ग्राह्य आहे. किती गोळे कोठे साठविले आहेत, हे सांगण्याची अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु तळाबाहेरच्या विहिरीच्या पाण्यात कोणते द्रव्य किती आहे, हे शत्रूच्या उपयोगाचे ज्ञान नव्हे. ते पाणी पिणाऱ्याच्या उपयोगाचे आहे. शिवाय तळावरील पाणी प्रथम सैनिक आणि त्यांची मुलेबाळेच पितात, हे लज्यूनने दाखविले आहे. तेव्हा या प्रश्नाकडे लष्कर विरुद्ध नागरिक अशा दृष्टीने पाहणे चुकीचे ठरते.

१९६० नंतर मराठी राजभाषेसाठी पारिभाषिक शब्द घडविण्याचे मोठे कार्य झाले. त्यात शब्द अचूक व सुटसुटीत असावा ही कसोटी प्रधान होती. विषदूषणाच्या परिभाषेस आणखी एक कसोटी लावणे अवश्य आहे : कोणी सोडले, काय सोडले आणि ते कोणाच्या शरीरात गेले, या तीन प्रश्नांना वाक्यात जागा उरते की नाही. ‘निकामी दारूगोळ्याची विल्हेवाट’ या पदसमूहात तिन्हींपैकी एकासही जागा नाही. ‘वापरातून काढलेली, परंतु विषारी स्फोटके’ हा प्रयोग लांब आहे, तरी तो खरा आहे. भूजल हद्द ओळखत नाही. म्हणून त्याविषयीची भाषाही हद्दीशी थांबून चालणार नाही.