क्लबाची मालकी आणि प्रेक्षकाची वहिवाट

फुटबॉलात पैसा शिरला आणि खेळ बिघडला, असा विलाप हल्ली सर्वत्र ऐकू येतो. आम्हांस तो पटत नाही. गोव्यापुरते बोलायचे, तर येथील फुटबॉल पैशावाचून कधी उभाच नव्हता. साळगावकर क्लब १९५६ साली वास्को येथे निघाला, पुढे धेंपो आला. दोहोंच्या पाठीशी खाणमालकांची घराणी होती. धेंपोने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळविले, ते काही गावच्या वर्गणीवर नव्हे. खेळाडूंस वेतन होते, मालकास कीर्ती होती, आणि प्रेक्षकास ह्या व्यवहाराची पुरती जाणीव असूनही त्याचे काही अडत नव्हते. कारण क्लब मालकाचा असला, तरी तो वास्कोचा वा पणजीचा होता. मालकाने तो उचलून परमुलखी न्यावा, ही कल्पना मालकासही सुचली नसती.

आमच्या ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ वास्कोस असतात. साळगावकर हरला, की दुसऱ्या दिवशी त्यांचे दुकान दुपारपर्यंत बंद. कज्जेदलालीत आयुष्य गेलेल्या आम्हांस असा निःस्वार्थ पक्षकार दुसरा भेटला नाही!

२०१४ साली नवी इंडियन सुपर लीग सुरू झाली. आठ संघ, आठही नव्याने घडविलेले. गोव्याच्या संघाच्या आरंभीच्या भागीदारांत साळगावकर आणि धेंपो ह्याच घराण्यांतील माणसे होती. फातोर्ड्याचे मैदान, जे जुन्या लीगच्या अखेरच्या वर्षांत पुष्कळदा ओस असे, ते नारिंगी सदऱ्यांनी भरून गेले, हे आम्ही प्रांजळपणे नमूद करतो. पण १९१६ च्या नव्हे, २०१६ च्या उन्हाळ्यात महासंघाने जी योजना मांडली, तीत ही नवी लीग वर आणि जुनी आय-लीग खाली अशी उतरंड होती. आणि खेळून वर चढण्याची वाट मात्र ठेवलेली नव्हती. (ती पुढे २०२३ मध्ये पंजाबच्या संघास प्रथम लाभली.) जिंकूनही ज्या दारातून आत जाता येत नाही, त्या दारासमोर उभे राहण्यात अर्थ नाही, असे पाहून साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो हे तिन्ही क्लब त्याच वर्षी राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले. आमच्या वृद्ध गृहस्थांस त्यांच्या पुतण्याने नारिंगी सदरा आणून दिला. त्यांनी तो घडी करून ठेवला. “आता ह्या वयात नवे दुःख कोठून आणू?” एवढेच ते म्हणाले.

पुतण्याचे प्रेम खोटे आहे, असे आम्ही म्हणणार नाही. ते कशावर उभे आहे, एवढाच आमचा प्रश्न आहे. आमचे काही वाचक हैदराबादेस राहतात. त्यांस आम्ही काय सांगावे? २०१९ मध्ये पुण्याचा संघ बंद पडला आणि त्याच्या जागी हैदराबादचा उभा राहिला. पुण्याच्या पाठीराख्यास कोणी विचारले नाही. हैदराबादकरांनी त्या संघावर जीव लावला. मार्च २०२२ मध्ये आमच्याच फातोर्ड्यावर केरळला नमवून तो अजिंक्य ठरला. आणि २०२५ मध्ये नव्या मालकांनी तो दिल्लीस हलविला, नावासकट बदलून. दिल्लीचा आधीचा संघ २०१९ सालीच भुवनेश्वरास गेला होता, म्हणून तेथे जागा मोकळी होती! ज्या शहरास रहीमसाहेबांनी फुटबॉल शिकविला, त्या शहराचे विजेतेपद आता दुसऱ्याच्या कपाटात आहे.

कायद्याने ह्यात काही गैर नाही. हीच तर अडचण आहे. महासंघाने २०१० साली सातशे कोटी रुपयांस पंधरा वर्षांचे व्यापारी हक्क एका कंपनीस दिले. त्या करारास पक्ष दोनच. मुदत संपत आली आणि नूतनीकरण जमेना, तेव्हा जुलै २०२५ मध्ये पुढचा मोसमच तहकूब झाला. शेताच्या कडेने वीस वर्षे कोणी उघडपणे व अखंड ये-जा केली, तर कायदा त्याची वहिवाट मानतो. चाळीस वर्षे त्याच मैदानावर घसा फोडणाऱ्याची मात्र वहिवाट होत नाही. त्याच्या हाती तिकिटाचे अर्धुक, आणि तेही एका संध्याकाळपुरते. त्याला ग्राहक म्हणावे, तर ग्राहक दुकान बदलतो. हा बदलू शकत नाही, आणि त्याच्या ह्याच असमर्थतेची किंमत ठरवून मालक ती प्रायोजकास विकतो.

हे अटळ आहे, असे कोणी म्हणेल. इंग्लंडमध्ये २००२ साली विम्बल्डनचा क्लब सुमारे नव्वद किलोमीटर दूर मिल्टन कीन्सला नेण्यास त्रिसदस्य आयोगाने संमती दिली, तेव्हा तेथील पाठीराख्यांनी रडत न बसता त्याच वर्षी स्वतःचा नवा क्लब काढला. तो अगदी तळापासून खेळत वर आला आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या प्लाउ लेन रस्त्यावर परतला. जर्मनीत बहुतेक क्लबांत मतांचे बहुमत सभासदांकडेच राहते. तेथील लीगने प्रक्षेपणाच्या हक्कांत बाहेरचा भागीदार घ्यावयाचे ठरविले, तेव्हा प्रेक्षकांनी मैदानावर टेनिसचे चेंडू फेकून सामने अडविले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो बेत सोडून द्यावा लागला. चेंडू फेकणे आम्हांस रुचत नाही. पण ज्याचा अर्ज घेण्यास कोणतीच कचेरी नाही, त्याने दुसरे करावे तरी काय?

इंग्लंडच्या संसदेने २०२५ मध्ये फुटबॉलाच्या कारभाराचा कायदाच केला. क्लबाने मैदान हलवायचे, तर नियामकाची संमती हवी. बोधचिन्ह वा घरच्या सदऱ्याचा रंग बदलायचा, तर पाठीराख्यांचे बहुमत हवे, असे त्यात घातले आहे. म्हणजे पाठीराखा हा कायद्याच्या पुस्तकात एक पक्ष झाला. आपल्याकडे हैदराबादच्या एखाद्या पाठीराख्याने उद्या आमच्याकडे येऊन दावा लावायचा म्हटले, तर तो कोणत्या हक्काखाली लावावा, हे वकिलीत इतकी वर्षे काढूनही आम्हांस सांगता यायचे नाही.